पाहुणा वीर

“आजोळ सोडून काय विचारायचं ते विचारा,” ठकूबाई म्हणाली आणि चुलीतलं लाकूड तिनं असं ओढलं, की जणू सगळा गुन्हा त्या लाकडाचाच होता.

मी तिच्या ओसरीवर बसलो होतो. समोर काळा चहा निवत होता.

“मावशी, मी आजोळच विचारणार. बाकी सगळं विचारून झालंय.”

“मग चहा प्या आन् निघा.”

अशी माणसं मला आवडतात. उठवून लावतात, पण चहा पाजून.

मी तेव्हा जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कचेरीत होतो. पलटणीतून हवालदार म्हणून बाहेर पडलो आणि तिथं चिकटलो. काम म्हणजे राजदूत मोटारसायकल घेऊन गावोगाव हिंडायचं आणि माजी सैनिकांची, त्यांच्या मागे राहिलेल्यांची विचारपूस करायची. त्या साली दुसऱ्या महायुद्धाला पन्नास वर्षं होत आली होती. त्या लढाईत गेलेल्या जवानांचं घरी कोण उरलंय ते शोधा, असं वरून सांगणं आलं होतं. एरवी माझ्याकडे जवानाचं नाव असायचं आणि मी त्याची माणसं शोधत फिरायचो. ठकूबाईचं उलटं होतं. ती आपणहून कचेरीत येऊन बाकावर बसली आणि म्हणाली, “मला सरकारचं काही नको. मह्या भावाचं काय झालं, तेवढं सांगा.”

भावाचं नाव केरू. केरू संतू ढिकले, करंजपाथर. मोठ्या लढाईत भरती झाला तो परत आला नाही. गेल्याची बातमी नाही, असल्याची खूण नाही. मी पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला दोनदा विचारलं. या नावाचा, या गावचा जवान आमच्याकडे नव्हता, असं दोन्ही वेळा उत्तर आलं.

“नव्हता कसा?” ठकूबाई उसळली होती. “खाकी कपड्यात आलता तो. घरी आला नाही, बा रागावला व्हता त्याच्यावर. वेशीवर मला बोलवून घेतलं आन् बिस्कुटं दिली. मी काय सपनात खाल्ली ती बिस्कुटं?”

ठकूबाईचं वय तेव्हा पासष्टीच्या पुढेमागे असेल. नवरा लग्नानंतर थोड्याच दिवसांत गेला, मूलबाळ नाही, म्हणून ती बापाच्या घरी परत आली आणि बाप गेल्यावर त्या घरात एकटीच राहिली. भाऊबीजेला गावातल्या बाया तिला सांगायच्या, ज्यांना भाऊ नाही त्या चंद्राला ओवाळतात, तूही ओवाळ. ती ओवाळत नसे. म्हणायची, मला भाऊ आहे.

खरं दुखणं मात्र भाऊबीजेचं नव्हतं, धुळवडीचं होतं.

आमच्या भागात धुळवडीला वीर काढतात. ज्या घरातला पुरुष लढाईत पडला, त्या घरच्या देव्हाऱ्यात त्याचा चांदीचा टाक असतो, म्हणजे त्याची आकृती उठवलेला छोटा पत्रा. तो टाक खोबऱ्याच्या वाटीत ठेवायचा, लाल कापडात बांधायचा आणि हलगीच्या तालावर गावातून नाचवत न्यायचा. वर्षातून एक दिवस मेलेला माणूस आपल्या गावच्या रस्त्यावर नाचून जातो. करंजपाथरला ढिकल्यांचे असे दोन वीर निघत. त्यांच्या शेजारी केरूला जागा नव्हती.

ही जागा ज्यांनी अडवली होती, ते दामूअण्णा ढिकले नेमके तेव्हाच ओसरीवर आले. भावकीतले थोरले, पांढरी टोपी, पांढरं धोतर आणि आवाज असा, की सगळ्या आळीला ऐकू जावं.

“हवालदारसाहेब, सापडला का आमचा केरू? नाही ना? सापडायचा नाही. महा बाप त्याच टायमाला पलटणीत व्हता. त्यानं लई चौकशी केली. केरू ढिकले कुठंच नव्हता. टरेनिंगमधूनच पळाला तो, दुसरं काय? मुंबईत कुठंतरी संसार केला असंल.”

“दामू, जीभ आवर,” आतून ठकूबाई म्हणाली.

“तुहं मन दुखतं ते कळतं मला. पण वीर नाचवायचा तर माणूस मेलेला पाहिजे आन् रणात मेलेला पाहिजे. पळालेल्याचा टाक आमच्या वीरांशेजारी कसा धरायचा? उद्या ते वीर कोपले म्हंजे?”

दामूअण्णा दुष्ट नव्हते. त्यांना हे खरंच वाटत होतं, आणि ज्याला खरंच वाटतं त्याच्याशी भांडणं फार अवघड जातं. ते गेल्यावर ठकूबाई बाहेर आली आणि खांबाला टेकून बसली.

“मी मेल्यावर कोण विचारणार हो केरूला?” ती म्हणाली. “पळपुटा म्हणूनच राहील तो.”

“म्हणून तर आजोळ विचारतोय,” मी म्हणालो. “मावशी, घरी भांडण झालेलं पोरगं कुठं जातं? मामाकडं. त्या काळी किती पोरं आजोळच्या गावावरून भरती झाली, मी पाहिलंय. गाव मामाचं सांगितलं. आडनावही कधी मामाचं लावलं. बापाला कळू नये म्हणून. तुमचं आजोळ कुठलं?”

तिनं समोरच्या डोंगराकडं पाहिलं. मग म्हणाली, “बेलदरी. पिंगळांचं घर.”

बेलदरी काही लांब नव्हती. समोरच्या डोंगरापलीकडे घाट उतरला की आलीच. पण त्या घरात आणि या घरात डोंगरापेक्षा मोठं काहीतरी होतं. ठकूबाईची आई बाळंतपणाला बेलदरीला गेली आणि तिथंच वारली. पोटातलंही गेलं. दवाखान्यात नेली नाही म्हणून संतू ढिकल्यानं मेहुण्याला, राघू पिंगळाला, दोष दिला. तिची राख सावडून आला आणि त्यानं शपथ घातली, बेलदरीचं पाणी या घरात कुणी प्यायचं नाही. ठकूबाईनं ती पाळली. केरूनं पाळली नाही. तो मामाकडं जायचा म्हणूनच बापलेकांचं बिनसलं.

“मग मामा कधीच इकडं आला नाही?” मी विचारलं.

“एकदा आलता. मी तेराचौदाची असंन. अंगणात येऊन उभा राहिला. डोक्याला पागोटं नव्हतं, बोडका. बानं पाहिलं आन् वळखलं, घरात कुणीतरी गेलंय म्हणून सांगाया आलाय. मामाचं तोंड उघडायच्या आत बा वरडला, ‘तुमच्याकडचं मेलं-गेलं मह्या दारात सांगायचं नाही! आपलं सुतक तुटलं!’ मामा उभाच. बानं दार लावून घेतलं.”

“कोण गेलं होतं त्यांच्याकडं?”

“कुणाला ठाऊक? बा म्हणाला, कोणी का मरंना.”

मला जे वाटलं ते मी तोंडावर दिसू दिलं नाही. नुसत्या अंदाजावर म्हातारीला आशा दाखवायची नाही आणि दुःखही द्यायचं नाही, एवढं त्या नोकरीनं शिकवलं होतं.

“मावशी, परवा धुळवड. मी बेलदरीला जाणार आहे. एखाद्या गावातले जवान शोधायचे तर मी कागद बघत नाही, धुळवडीला जाऊन उभा राहतो. कुठल्या घरातून वीर निघतो ते बघितलं, की त्या घरचं कोण गेलं ते कळतं. येता?”

“बाची शपथ हाये.”

“पाण्याची आहे. पाणी घरून घ्या.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. ती हसली नाही, पण चहाचा कप उचलताना म्हणाली, “बेलदरीचे वीर सकाळी निघतात. आमचे ऊन उतरल्यावर. उशिरा येऊ नका.”

धुळवडीला सकाळी मी पोचलो तर ती वेशीवर उभी. नवं लुगडं, काखेत पाण्यानं भरलेला पितळी तांब्या, त्याला वरून फडकं बांधलेलं. मागच्या सीटवर एका बाजूनं बसली आणि माझा खांदा असा धरला, की मी पळून जाईन अशी तिला शंका असावी. घाटात पोरांनी रस्त्यावर दगड लावून वाट अडवली होती, हातात धूळ, चिखल, रंग. तिनं लांबूनच आवाज दिला, “बाजूला व्हा रे! भावाकडं चाललीये मी!” पोरं बाजूला झाली. मी वळून पाहिलं. आपण काय बोललो ते तिच्याच लक्षात आलं नव्हतं.

बेलदरीत हलगी ऐकू येत होती. मारुतीच्या पारासमोर अख्खं गाव जमलं होतं. आम्ही एका भिंतीच्या सावलीला थांबलो. एकेक वीर पुढं येत होता. लाल कापडात बांधलेली खोबऱ्याची वाटी दोन्ही हातांत उंच धरून माणूस नाचायचा, बाया पाण्याच्या कळशा त्याच्या पायावर ओतायच्या, ओवाळायच्या, आणि वीर पुढं सरकायचा. मी शेजारच्या म्हाताऱ्याला प्रत्येकाचं विचारत होतो. हा कुणाचा? कुठल्या लढाईतला? तो सांगत होता.

सगळे वीर नाचून झाले. हलगीवाल्यानं ताल बदलला, सावकाश केला. मग एक म्हातारा पुढं आला. डोक्याला मोठं पागोटं, हातात लाल कापडातली वाटी. पण हा नाचला नाही. वाटी छातीशी धरून तो चालत आला, एकटा, बाकीच्या वीरांपासून अंतर ठेवून. लोक दोन्ही बाजूंनी हात जोडत होते.

“हा नाचत का नाही?” मी विचारलं.

“हा पाहुणा वीर हाये,” शेजारचा म्हणाला. “पिंगळांचा भाचा. पाहुण्याला दुसऱ्याच्या गावात नाचवत नाहीत, मानानं चालवतात. तो नाचंल त्याच्या गावात.”

“मग नेत का नाहीत त्याला?”

“त्याचं कूळ न्यायला आलं नाही अजून.”

“आलंय,” ठकूबाई म्हणाली.

ती माझ्यामागं होती, ती कधी पुढं गेली मला कळलं नाही. रस्त्याच्या मधोमध जाऊन ती त्या म्हाताऱ्यासमोर उभी राहिली. हलगी थांबली.

“कोण तुम्ही?” त्यानं विचारलं.

“संतू ढिकल्याची ठकू. करंजपाथरची.”

म्हाताऱ्यानं वाटी आणखी जवळ ओढली. हा निवृत्ती पिंगळ, राघूमामाचा मुलगा, केरूच्या बरोबरीचा. त्याच्या तोंडावर आधी आश्चर्य आलं आणि मग राग. तो राग जुना होता, चांगला मुरलेला.

“आत्ता आले?” तो म्हणाला. “पन्नास वरसं आम्ही मिरवला याला. कुठं व्हतं तुमचं कूळ?”

“आम्हाला कोणी सांगितलं नाही.”

“सांगितलं नाही?” निवृत्तीचा आवाज चढला. “तार आली बाबांच्या नावानं, कारण केरूनं पलटणीत नाव लिवलं केरू राघू पिंगळ, गाव बेलदरी. बापावर रुसला व्हता ना तो. इटली का काय म्हणतात तिकडं, नदी उतरताना गोळी लागली. तार वाचून घेतली आन् बाबा तसेच निघाले. पागोटं काढलं, बोडक्यानं डोंगर चढले. मी संगं व्हतो. मला वेशीवर बसवलं, म्हणले, तू येऊ नको, भांडण हुईल. परत आले तवा मी इचारलं, सांगितलं का? म्हणले, ऐकायलाच तयार नाही तो. म्हणतो, आपलं सुतक तुटलं!”

ठकूबाईच्या हातातला तांब्या खाली आला. सांडला नाही, तिनं तो जमिनीवर ठेवला.

“मी दारामागं उभी व्हते,” ती म्हणाली. “मी पाहिलं मामाला. मला वाटलं, तुमचं कुणी गेलं.”

निवृत्तीचा राग जागच्या जागी विझत होता, ते मला दिसत होतं.

“तुमचं म्हंजे कुणाचं गं?” तो हळू म्हणाला. “तुमचाच व्हता तो.”

मग तो तिथंच पाराच्या कडेला बसला आणि ती त्याच्यासमोर बसली. तो सांगत राहिला. राघूमामानं त्या दिवसापासून पागोटं बांधलं नाही. सुतक फिटलं की सोयऱ्यांनी डोक्याला टोपी घालायची, तेव्हा माणूस दुखवट्यातून सुटतो, ही आमच्याकडची रीत. केरूच्या सुतकाला सोयरे म्हणजे ढिकले. त्यांनी टोपी घातली नाही, म्हणून मामा मरेपर्यंत बोडकाच राहिला. टाक मात्र त्यानंच केला. आपल्या देव्हाऱ्यात ठेवला नाही, कारण भाच्याचे देव वेगळे. बाहेरच्या कोनाड्यात वेगळा ठेवला, रोज दिवा लावला आणि मुलाला बजावलं, हा पाहुणा आहे, न्यायला येतील तेव्हा अडवायचं नाही.

निवृत्तीनं लाल कापड सोडलं. खोबऱ्याच्या वाटीत काळसर पडलेला टाक होता. घोड्यावर बसलेला माणूस, हातात तलवार.

ठकूबाईनं तो जवळून बघितला. “घोडा?” ती म्हणाली. “हा तर बैलावर बसला तरी पडायचा!”

“सोनाराकडं घोड्याचाच ठसा व्हता,” निवृत्ती म्हणाला.

ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. इतक्या वर्षांचं सगळं तेव्हाच बाहेर आलं. बाया भोवती जमल्या. निवृत्तीच्या सुनेनं घरातून पाण्याचा पेला आणून तिच्यापुढं धरला, आणि मग तिच्याच लक्षात आलं असावं, कारण तिचा हात थबकला. ठकूबाईनं घरून आणलेल्या तांब्याकडं एकदा पाहिलं. मग पेला घेतला आणि ते पाणी शेवटच्या घोटापर्यंत प्याली.

“बा, माफ कर,” ती म्हणाली, “पण तू ऐकून घ्यायला पाहिजे व्हतं.”

आम्ही निघालो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. निवृत्तीच्या मुलानं ट्रॅक्टर काढला. ट्रॉलीत पिंगळांचं अर्धं घर चढलं, मधोमध ठकूबाई मांडीवर वाटी घेऊन. मी राजदूतवर मागं. करंजपाथरची वेस आली तेव्हा निवृत्तीनं ट्रॅक्टर थांबवायला लावला. खाली उतरला, पागोटं काढलं आणि मुलाच्या हातात दिलं.

“बाबा असेच आलते,” तो म्हणाला. “मी असाच येणार.”

मारुतीच्या देवळापुढं ढिकल्यांचे वीर निघायच्या तयारीत होते. हलगी तापवणं चालू होतं. ठकूबाई वाटी घेऊन सरळ दामूअण्णांच्या समोर गेली.

“केरू आणलाय,” ती म्हणाली. “जागा दे.”

दामूअण्णांनी तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. “कोण म्हणतो हा केरू? पुरावा काय, हवालदार?”

“कागद मी मागवतो,” मी म्हणालो. “आता कुठल्या नावानं मागवायचा ते कळलंय.”

“मग कागद आल्यावर बघू. पुढल्या धुळवडीला.”

“पुढली धुळवड मला दिसंल का, ते तू सांगशील?” ठकूबाई म्हणाली. “पुरावा पाहिजे ना तुला? पुरावा या गावानं डोळ्यानं पाहिलाय. दामू, तू त्या वक्ताला पोरगा व्हतास. मह्या बाच्या अंगणात एक माणूस आलता. आठव.”

दामूअण्णा काही बोलणार तोच त्यांची नजर तिच्या मागं गेली. मागं निवृत्ती उभा होता. उन्हात, गर्दीत, एकटा बोडका. बाप असाच दिसत असावा.

मी दामूअण्णांच्या तोंडाकडं बघत होतो. ते बदललं.

“डोंगराकडून आलता,” ते म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच आळीला ऐकू जाण्याएवढा नव्हता. “परत जाताना आम्ही पोरं त्याच्या मागं लागलो. बोडक्या, बोडक्या म्हणून वरडत वेशीपर्यंत गेलो. त्यानं एकदाही मागं वळून पाहिलं नाही.”

“ते मह्ये बाबा,” निवृत्ती म्हणाला. “केरूचं सांगाया आलते.”

पारावरची म्हातारी माणसं एकमेकांकडं पाहायला लागली. त्यातल्या तिघाचौघांना तरी ती दुपार आठवली असावी. बातमी या गावात येऊन गेली होती, सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून चालत गेली होती, आणि ती दुसऱ्याच्या घरची समजून सगळ्यांनी जाऊ दिली होती.

दामूअण्णांनी डोक्यावरची टोपी काढली. ती घेऊन काय करावं ते त्यांना सुचेना. ठकूबाईनं वाटी डाव्या हातात धरली, उजव्या हातानं ती टोपी त्यांच्याकडून घेतली आणि निवृत्तीसमोर गेली. तो तिच्यापेक्षा बराच उंच. त्यानं मान खाली घातली. तिनं टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली, दोन्ही बाजूंनी नीट बसवली.

“मामाची ऱ्हायली व्हती,” ती म्हणाली.

मग तिनं वाटी दामूअण्णांपुढं धरली. “घे. वीर बायांनी धरायचा नाही, अशी रीत ना? मग तू धर. आन् नीट नाच, पन्नास वरसांचं नाचायचंय त्याला.”

दामूअण्णांनी बोडक्या डोक्यानं वाटी दोन्ही हातांत घेतली आणि कपाळाला लावली. हलगी सुरू झाली. ठकूबाई धावतच घरी गेली, आणि वीर तिच्या दारापुढं आले तेव्हा ती ताटात निरांजन लावून उंबऱ्यावर उभी होती.